पुन्हा तैलरंगांकडे

तैलरंग हे घाईचे माध्यम नाही. जलरंगातील पाणी उडून जाते आणि रंग वाळतो. तैलरंगातील जवसाचे तेल मात्र उडत नाही; हवेतील प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होत जाते. पातळ थराला काही दिवस लागतात, जाड थराला कित्येक आठवडे. आणि चित्रावर व्हार्निश चढविण्यापूर्वी निदान सहा महिने थांबण्याचा प्रघात आहे. २७ वर्षांनंतर या माध्यमाकडे परतताना हा संथपणा मला प्रथम जाणवला. कारण ज्या चेहऱ्यासाठी मी परतले, त्या चेहऱ्याचे वय आज ८४ आहे.

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या. पुढे वस्तीतील १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी छायाचित्रावरून बाबासाहेबांचे तैलचित्र करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे असे. नोकरी लागली आणि रंगांची पेटी पलंगाखाली गेली. त्याची खंत मी बाळगली नाही. आमच्या पिढीपुढे कामांचा क्रम ठरलेला होता : आधी धाकट्या भावंडांचे शिक्षण, मग घराचे हप्ते, मग मुलांची वसतिगृहे. या क्रमात चित्रकला शेवटी होती, एवढेच. गेल्या वर्षी तिची पाळी आली.

इतिहास शिकविताना राजेरजवाडे, गव्हर्नर आणि सरदार यांची तैलचित्रे पाठ्यपुस्तकांतून सतत समोर येतात. तैलचित्र काढून घेणे म्हणजे आपल्यामागे आपला पुरावा ठेवणे होते, आणि तो ठेवण्याची ऐपत मोजक्यांचीच होती. माझ्या आजीचे एकही चित्र वा छायाचित्र नाही. ती कशी दिसत असे, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती आज हयात आहे, ती म्हणजे माझी माय. आणि मायचे छायाचित्र म्हणजे सरकारी ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा, कॅमेऱ्याला दबकलेला चेहरा. ज्या बाईने ४० वर्षे दुसऱ्यांच्या शेतात निंदण-कापणी करून आम्हा चौघांना शिकविले, तिचा एवढाच पुरावा मागे राहावा, हे मला मान्य नव्हते.

दर रविवारी सकाळी मी तिला ओसरीवर उत्तरेच्या उजेडात बसविते. पहिल्या दिवशी तेलाची बाटली उघडताच, मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेल्या मायने नुसत्या वासावरून ओळखले. म्हणाली, “हे तं जवसाचं तेल हाय. भाजी करून राह्यली का चित्र?” तिच्या माहेरी विदर्भात जवसाचे पीक होते आणि घरात तेच तेल खाण्यात होते. हे पीक तिने कापले, झोडपले. त्याची चटणी करून आम्हाला वाढली. ज्या तेलात युरोपच्या राजांचे चेहरे रंगविले गेले, त्याची जात माझ्या मायला माझ्याआधी ठाऊक होती.

हात विसरला नव्हता, पण जड झाला होता. पहिले तीन रविवार टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरमध्ये केवळ छायाप्रकाश मांडण्यात गेले. खालचा थर कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा, हा जुना नियम बोटांना पुन्हा शिकवावा लागला. तो मोडला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात. मग त्वचेचा रंग आला. लहानपणी रंगपेटीत ‘अंगाचा रंग’ म्हणून जो गुलाबी खडू मिळे, तो आमच्या घरात कोणाच्याच अंगाचा नव्हता. सावळ्या त्वचेची सावली काळा रंग घालून साधत नाही, चेहरा मरून जातो. तिथे बर्न्ट सिएनात थोडा निळा मिसळावा लागतो, आणि गालाच्या उंचवट्यावर आकाशाचा थंड उजेड ठेवावा लागतो. अजिंठ्याच्या चित्रकारांना हे दीड हजार वर्षांपूर्वी अवगत होते. त्यांच्या भिंतींवर सावळी माणसे पूर्ण प्रतिष्ठेने उभी आहेत.

अजिंठ्याचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यास नेमले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत राबून मोठे कॅनव्हास तैलरंगांत रंगविले. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाले. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. तरीही काम पुन्हा सुरू करता आले, कारण मूळ चित्रे भिंतीवर होती. नववीच्या वर्गाला ही हकिगत मी अनेकदा सांगितली आहे. तिचा दुसरा अर्थ मात्र मायसमोर बसल्यावर उमगला : आपल्या घरातील मूळ प्रती कोणत्याही भिंतीवर थांबून राहणार नाहीत. त्या डोळ्यांसमोर आहेत तोवरच पाहून घ्यायच्या.

चित्र अजून अपुरे आहे. चेहरा झाला, हात राहिले. उजव्या हाताची करंगळी विळ्याने कापली गेल्यावर वाकडी झाली होती. ती सरळ करायची नाही, एवढे ठरले आहे. बसल्या बसल्या माय तिच्या आईचे नाक, कपाळावरचे गोंदण, हसण्याची लकब सांगते. ते सारे मी वहीत टिपून ठेवते. पुढचा कॅनव्हास आजीचा.

या शाळेतून बाहेर पडलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. तुमच्यापैकी कोणी कुंचला धरतो, कोणी लेखणी, कोणी कॅमेरा. तुम्हाला इथवर पोहोचविणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एका रविवारी उजेडात बसवा आणि नीट पाहा. वाळायला वेळ लागतो. सुरुवात मात्र आजच करावी लागते.