चोर्ल्याच्या वाटेवर चार प्लग

बेळगावहून गोव्याला जायच्या वाटा मुख्यतः तीन : अनमोड, आंबोली आणि चोर्ला. आमच्याकडे गोव्यातल्या कुलदेवतेला जायचं म्हटलं की बहुतेक गाड्या चोर्ल्याच्या वाटेला लागतात. पिरनवाडी सोडली की शहर मागे पडतं. जांबोटीपासून झाडी दाट होते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि जवळच्याच ओढ्यांचं पाणी म्हादईतून मांडवीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. पुढे घाट उतरताना अंजुणे धरणाचं पाणी दिसतं आणि केरीला आपण गोव्यात पोचतो.

या वाटेचा एक गुण गाडीवाल्यांनी ध्यानात ठेवावा. जाताना घाट उतरायचा असतो, त्यामुळे दुखणाईत इंजिनसुद्धा गुमान खाली जातं. खरी परीक्षा परतताना. केरीपासून वरपर्यंत गाडी भरलेली, दुसरा-तिसरा गिअर, वळणामागून वळण आणि मोबाइलची रेंज येऊन-जाऊन.

गेल्या पावसाळ्यानंतर मामेभावाबरोबर त्याच्या जुन्या एस्टीममधून निघालो होतो. तेराशे सीसीच्या त्या इंजिनावर त्यानं बाहेरगावच्या एका गॅरेजमधून टर्बो बसवून घेतला होता. नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, हे मी त्याला ऐकवलं होतं. तो हसला होता. जांबोटीच्या अलीकडच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला आणि मधूनच गाडी गचके खायला लागली. ‘‘पेट्रोल खराब असेल. गोव्यात नवे प्लग टाकू,’’ दादा म्हणाला. मागच्या सीटवर मामी होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘येताना रात्र होणार आहे रे.’’ आम्ही गाडी वळवली आणि हळूहळू परत आलो.

पिरनवाडीकडून शहरात शिरताना आधी उद्यमबाग लागतं. फौंड्र्या, मशीन शॉप, लेथची घरघर. तिथल्या ओळखीच्या मेस्त्रींनी उमेदीची वर्षं फौंड्रीत काढलेली. त्यांनी आधी इंजिन थंड होऊ दिलं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढले तर आटे जाण्याची भीती. मग हवेच्या पाइपनं प्लगभोवतीची धूळ उडवली, चारही प्लग काढले आणि पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहून ज्याचा त्याच्या जागी ठेवला. दादा म्हणाला, ‘‘नवेच टाका ना, मेस्त्री.’’

‘‘नवे टाकतो. पण आत काय झालंय ते या जुन्यांनीच सांगायचं आहे.’’

मग त्यांनी भिंग दिलं. निरोगी प्लगची चिनी माती फिकट तपकिरी किंवा करडी दिसते. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला, तेलकट काळा थर म्हणजे रिंगांतून किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल येतंय. पांढरीफटक, फोड आलेली माती म्हणजे आत उष्णता फार. आमचे चारही प्लग पांढरट होते. तिसऱ्याच्या मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके आणि मधेच चकाकणारे कण होते, शिवाय टोकाला केसासारखी चीर. ‘‘हे अ‍ॅल्युमिनियम आहे,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘पिस्टनचं.’’

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान २००० अंशांच्या वर जातं. पिस्टन तरी टिकतो, कारण मागून त्याची उष्णता निघून जात असते आणि पृष्ठभागाला वायूचा एक पातळ, थंड थर चिकटून असतो. नॉकिंगच्या धक्क्यांनी तो थर फाटतो, मग धातूचे कण सुटून प्लगवर बसतात. तोच खड्यांचा आवाज.

चारही पांढरट, म्हणजे एक कारण सगळ्यांना समान. टर्बो बसवणाऱ्यांनी प्लग मूळ हीट रेंजचेच ठेवले होते आणि टायमिंगही पुढे ठेवलं होतं. हवा दाबून भरली की उष्णता वाढते, ती लवकर बाहेर नेणारा ‘थंड’ प्लग लागतो. इथे आकडे फसवतात : एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. गॅपही मूळचाच होता. दाबाखाली ठिणगीला तेवढी उडी मारणं कठीण जातं, म्हणून गचके. तिसराच जास्त खराब, म्हणजे त्याचं वेगळं काहीतरी. चारही इंजेक्टर काढून तपासले, तर तिसऱ्यातून पेट्रोल कमी येत होतं.

प्लगवर विसंबून मेस्त्री थांबले नाहीत. त्यांनी कॉम्प्रेशन मोजलं, प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. तिसऱ्या पिस्टनची कड वाळूनं घासल्यासारखी खरबरीत झाली होती, पण भोक नव्हतं आणि कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं होतं. नुसते नवे प्लग टाकून गोव्याला गेलो असतो, तर उतारावर सगळं ठीक वाटलं असतं आणि परतीच्या चढावर, रात्री, मामीला घेऊन, तिसरा पिस्टन गेला असता.

इंजेक्टर साफ झाला, टायमिंग मागे घेतलं, टर्बोचा दाब उतरवला, एक पायरी थंड प्लग ०.७ मिलिमीटर गॅपनं बसले. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर जोर देऊन लगेच क्लच दाबून इंजिन बंद केलं, गाडी बाजूला घेतली आणि प्लग पुन्हा पाहिले. असं का, तर गाडी बराच वेळ आयडलवर राहिली की काजळी बसून रंग बदलतो. धातूचे कण आणि चिरा मात्र सहसा लपत नाहीत. या वेळी चारही फिकट करडे होते.

टर्बो काढून इंजिन मूळचं करायचं दादानं मामीसमोर कबूल केलं आहे. दर्शनाला आम्ही पुढच्या रविवारी गेलो, माझ्या साध्या वॅगन-आरमधून. तुमच्या घरी कोणी गाडीचे प्लग बदलणार असेल, तर जुने चारही नंबर लिहून परत मागून घ्या, आणि टाकण्याआधी उजेडात पाहा.