गाठीतला सब्र

साताऱ्याहून मेढ्याला जाताना वेण्णेची सोबत असते. बेंदूर जवळ आला की या जावळी खोऱ्यात बैलांसाठी रंगीत गोंडे, मोरक्या, कासरे दिसू लागतात. सूत पिळायचे, पदर सारखे धरायचे, मग गाठीवर गाठ. एक जरी सैल राहिली तरी तेवढे उकलून पुन्हा बसावे लागते.

आपल्या मुली हौसेने शोभेचे ‘मॅक्रमे’ करतात. तो शब्द अरबी ‘मिक्रमा’वरून आल्याचे मानतात. हुनर एकाच घराण्यातला! पण ट्रॅक्टर आले, बैल घटले. सुताची जागा नायलॉनने घेतली. गावातल्या जाणत्या हातांकडे मुलांना एकदा तरी बसवा. सब्राचा अर्थ आम्ही वर्गात सांगतो. त्याची सवय मात्र बोटांना गाठी मारतानाच लागते.