आजीकडून काय येतं?

सांगली

चि. बाळ हिस,



तुझं पत्र मिळालं. घरात जो तो म्हणतो, पोरगी अगदी आजीवर गेली. तशीच धीट, तशीच हट्टी. आणि तू विचारतेस, ‘आजीवर गेले म्हणजे नेमकं काय झालं?’ प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. नाक, केस, आवाजाची पट्टी रक्तातून येते हे खरं. पण धाडस, चिकाटी, अन्याय दिसला की गप्प न बसणं हेही त्याच वाटेनं येतं, असं मला वाटत नाही. आजीनं आयुष्यात जे काम अंगावर घेतलं, त्या कामाच्या सवयीतून हे गुण घडतात, आणि ते काम जो पुढे उचलतो त्याच्याकडे ते जातात. मग तो तिच्या पोटचा असो वा नसो. हे मी आपल्या घरातली माणसं घेऊन मांडणार नाही. त्यात माया आडवी येते आणि डोळा खोटं बघतो. आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीतलं, अनेकांना ठाऊक असलेलं एक आयुष्य घेते: कासेगावच्या इंदुताई पाटणकरांचं.

इंदुताईंचा जन्म १९२५ चा, माहेर कराड तालुक्यातलं इंदोली. सासर कासेगाव, वाळवा तालुक्यातलं. आज या दोन गावांमध्ये जिल्ह्याची हद्द आहे. त्या वेळी सगळा एकच सातारा जिल्हा होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. वडील दिनकरराव निकम स्वातंत्र्यचळवळीतले. तुरुंगात त्यांची गाठ कम्युनिस्ट नेते वि. द. चितळे यांच्याशी पडली आणि ते त्या विचाराचे झाले. घरी कार्यकर्त्यांची ये-जा असायची, पोर दहा-बारा वर्षांची असतानाच चळवळीचं साहित्य वाचायची, प्रभातफेरीत चालायची. १९४२ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती घर सोडून आंदोलनात गेली. बायकांना संघटित करणं, राष्ट्र सेवा दलाचं काम आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत समांतर सरकारात, भूमिगतांसाठी शस्त्रं पोचवणं, हे तिनं केलं. आता हे धाडस कुठून आलं म्हणशील? सोळा वर्षांच्या मुलीला बाहेर पडणं शक्य झालं, कारण पलीकडे तिला सामावून घेणारी गावंच्या गावं उभी होती. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला होता, ९ तारखेला वडूजला आणि १० ला इस्लामपूरला लोकांनी गोळ्या झेलल्या होत्या. भूमिगताला रात्री दार उघडणारं घर होतं, भाकरी बांधून देणारी बाई होती, निरोप पोचवणारं पोर होतं. इंदुताईंचं धैर्य मला कमी लेखायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की, ते एकटीच्या काळजातून उगवलेलं नव्हतं. ते शिकून घेतलेलं होतं, आणि जे शिकता येतं ते शिकवताही येतं.

इथं कोणी म्हणेल, त्या लढ्यात बायकांचं काम ते काय? डबा पोचवणं, चिठ्ठी नेणं. खरी लढाई पुरुषांची. हा आक्षेप मी फार वेळा ऐकला आहे आणि तो मला मान्य नाही. भूमिगत सरकार जेवणावर, निरोपावर आणि लपायच्या जागेवर चालतं. या तिन्ही गोष्टी प्रामुख्यानं बायकांच्या हाती होत्या. शिवाय त्यांनी डोकंही चालवलं. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंची गोष्ट प्रसिद्ध आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतो आहे असं नाटक त्यांनी केलं, पोलीस मध्ये पडले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका लांबवल्या. नवऱ्यानं रस्त्यात बायकोला बडवणं इतकं रोजचं होतं की कोणाला संशय आला नाही. ज्या रिवाजानं बाईला दाबून ठेवलं, त्याच रिवाजाचा त्यांनी हत्यारासारखा वापर केला. आणि हेही विसरू नकोस की याच प्रतिसरकारच्या न्यायनिवाड्यांत बायकोला छळणाऱ्याला शिक्षा होत होती, कमी खर्चाची लग्नं लावली जात होती. बाईच्या घरातल्या दुःखाचा निवाडा गावानं करायचा असतो, हे इंदुताईंच्या पिढीनं तरुण वयातच पाहिलं. पुढच्या आयुष्यात याचा धागा कुठे निघाला ते सांगते.

१९५२ मध्ये इंदुताईंचे पती बाबूजी पाटणकर यांचा खून झाला. तेही प्रतिसरकारातले सहकारी, मुलगा भरत तेव्हा तीन वर्षांचा. स्वराज्य आलेलं, सोबतचे कितीजण सत्तेच्या वाटेनं गेलेले. अशा वेळी विधवा बाईनं मुलाला वाढवून गप्प बसावं, हीच गावाची अपेक्षा असते, आणि तसं केलं असतं तरी कोणी बोल लावला नसता. इंदुताई शेतमजूर, कष्टकरी शेतकरी आणि बायकांच्या संघटनांत राहिल्या, त्या २०१७ मध्ये जाईपर्यंत. मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते बेचाळीसचं साहस नव्हे. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून त्यांनी केलेलं परित्यक्तांचं काम वाटतं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची अडचण फार बारीक आणि फार खोल असते. त्या काळी रेशनकार्डावर तिचं नाव नवऱ्याच्या नावाखाली असायचं. तो घराबाहेर काढायचा तेव्हा धान्यही त्याच्याकडेच राहायचं. माहेरी आली तर भावाच्या कार्डावर नाव चढवायचं, म्हणजे भावजयीच्या मर्जीवर जगायचं. स्वतंत्र कार्ड मागायला गेली तर कुटुंबप्रमुख कोण, हा प्रश्न यायचा. जमीन नव्हती, घराची जागा नव्हती, सरकारदरबारी ती कोणीच नव्हती. ऐंशीच्या दशकात या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी कार्ड, जागा, हक्क मागितले. दया मागितली नाही, हे लक्षात घे. टाकलेली बाई म्हणजे घराण्याची लाज, ही समजूत मोडून ‘आमची नोंद करा’ असं त्या तहसील कचेरीत म्हणाल्या.

आता तुझा प्रश्न. हे पुढे कोणाकडे गेलं? तू म्हणशील, मुलाकडेच तर गेलं. म्हणजे रक्तच ठरलं ना? भरत पाटणकर वैद्यकीचं शिक्षण घेऊनही पूर्णवेळ चळवळीत आले, श्रमिक मुक्ती दल उभं राहिलं, धरणग्रस्तांसाठी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी त्यांनी लावून धरली. आक्षेप बरोबर आहे, आणि एकट्या मुलावरून मला उत्तर देता येणार नाही. पण त्याच घरातली दुसरी व्यक्ती बघ. गेल ऑम्वेट १९४१ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला जन्मल्या, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला इकडे आल्या, १९७६ मध्ये या घरात सून झाल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच गेल्या. शेतमजूर बायकांमध्ये वावरणं, परित्यक्तांचा प्रश्न लिहिणं आणि मांडणं यात त्या सासूच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या. इंदोलीच्या निकमांचं रक्त त्यांच्यात कुठून असणार? त्या स्वतःची समज घेऊनच आल्या होत्या, हे कबूल. पण कासेगावात त्यांना हातात घ्यायला काम सापडलं, आणि ते काम आधीपासून चालू ठेवणारी एक बाई सापडली. वारस ठरायला एवढं पुरेसं आहे.

आणखी एक पुरावा नात्यागोत्याच्या पार बाहेरचा आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. पात्रातली वाळू विकून आलेला पैसाही त्यात घातला. तत्त्व असं की पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचं नाही, माणसांच्या घरावर वाटायचं, आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा. परित्यक्तेची मागणी आणि ही मागणी मला एकाच कुळातल्या वाटतात: ज्याच्या नावावर काही नाही त्याचंही नाव वाटपाच्या यादीत हवं. ती मागणी आटपाडीला दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी भरणाऱ्या पाणी परिषदेत बोलणाऱ्या शेतकऱ्याकडे गेली. त्याला इंदुताईंचं नावही ठाऊक असेल-नसेल.

एका आक्षेपाचं उत्तर मात्र मी घाईनं देणार नाही, कारण तो मला स्वतःलाच टोचतो. आजीचं कणखरपण आपण फार गातो. किती सोसलं, किती झिजली! साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण बाईच्या सोसण्याचा गौरव करता करता ते तिच्यावर का आलं, हा प्रश्न गळून पडतो, आणि पुढच्या पिढीतल्या मुलीला ‘तुझी आजी बघ’ म्हणून तेच ओझं द्यायला आपण मोकळे होतो. तुला आजीवर गेलेली म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात हेही थोडं असू शकतं. म्हणूनच इंदुताईंचं उदाहरण मला जवळचं वाटतं. त्यांनी स्वतःच्या वाट्याला आलेल्या एकटेपणाला पूजेची वस्तू केलं नाही. एकट्या पडलेल्या बायकांचा तो सामायिक प्रश्न केला. सोसणं वारसा म्हणून घेऊ नकोस, बाळ. सोसावं लागू नये म्हणून तिनं काय केलं, ते घे.

तुझी आजी कुठल्या चळवळीत नव्हती, तेव्हा हे सगळं तिला कसं लागू, असं तू लिहिशीलच. मला वाटतं लागू आहे, पण शोधावं लागेल. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ एवढं लिहून ते सापडणार नाही. पुढच्या खेपेला गावी गेलीस की घरातल्या जाणत्या माणसांना बसवून विचार. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं, की लागलंच नाही? तिला अक्षर कोणी शिकवलं, आणि तिनं कोणाला? लेकीला शाळेतून काढायची वेळ आली तेव्हा ती काय म्हणाली? टाकलेली, विधवा, परजातीची अशी कोणती बाई तिच्या चुलीपाशी येऊन बसायची, आणि त्यावरून तिला कोणाचं ऐकून घ्यावं लागलं? तिनं सुरू केलेलं आणि अर्धवट राहिलेलं काय आहे? उत्तरं जशी येतील तशी वहीत उतरव, गोड नसली तरी. मग मला पाठव, आपण मिळून वाचू.

तुझी,
मावशी