दोन गाड्या आणि एक पाऊल

वाचकहो, मधुमेह, गुडघेदुखी आणि निद्रानाश यांच्या शेजारी या पाक्षिकात मोटारगाड्यांचा विषय यावा, याचे आपणांस नवल वाटेल. लिहिताना मलाही थोडा संकोच वाटतो आहे. कारण ही हकीकत एका हौसेची आहे आणि हौस पुरवण्याचे माझे वय आता उरलेले नाही, असे माझ्या मुलाचे मत आहे. मी ६९ वर्षांचा निवृत्त डॉक्टर. शिक्षण मिरजेस झाले, १९८४ साली इंग्लंडला आलो आणि पुढची सारी वर्षे वूस्टरशायर परगण्यातल्या एका गावी कुटुंबवैद्य म्हणून काढली. मधुमेह मला सतरा वर्षांपासून आहे. ही शेवटची गोष्ट मी आपणांस जाता जाता सांगितली. तशीच ती इतकी वर्षे मी स्वतःलाही सांगत आलो.

आमच्या घरापासून जवळच, मॉल्व्हर्नच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, मॉर्गन मोटारीचा कारखाना आहे. एच. एफ. एस. मॉर्गन या गृहस्थांनी १९०९ साली तीन चाकांची एक गाडी बांधली, तिच्यातून हा व्यवसाय उभा राहिला. चार चाकांची गाडी १९३६ साली आली. त्यानंतर जग बदलले, या गाडीचे रूप मात्र फारसे बदलले नाही. लांबलचक नाक, दोन माणसांपुरती बैठक, कापडी छत. ही गाडी लाकडाची असते असे पुष्कळांना वाटते, ते खरे नाही. खालचा सांगाडा धातूचाच असतो. मात्र त्यावर अॅश नावाच्या लाकडाची चौकट बसवतात आणि तिच्यावर पत्रा मढवतात. कारखान्यात लोहाराइतकाच सुतारालाही मान! जुन्या मॉर्गनची पुढची चाके उभ्या खांबांवर वरखाली सरकतात, आणि त्या खांबांना वंगण मिळावे म्हणून चालकाने गाडी सुरू करताना पायाने एक कळ दाबायची, म्हणजे इंजिनातलेच तेल तिकडे जाते. अशा विक्षिप्तपणावर माणूस भाळतो तरी कसा, हे मला विचारू नका. या देशात आलो त्याच वर्षी चढावर एक गर्द हिरवी मॉर्गन माझ्या बसला मागे टाकून गेली, आणि पुढे चाळीस वर्षे ती माझ्या मनातून उतरली नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागात तशीच एक, १९७० च्या दशकातली, विक्रीस निघाली. त्याच सुमारास आमची घरची गाडी थकली होती. मुलाने लगेच संगणकावर तक्ता मांडला आणि निर्णयही कळवला : गोल्फ जीटीआय. आता ही गाडीही काही नीरस नव्हे. १९७६ साली ती विक्रीस आली तेव्हापासून घरंदाज दिसणारी पण वेळ आली की वाऱ्यासारखी धावणारी, अशी तिची ख्याती आहे. पाच दारे, सामानाला जागा, चौकडीच्या कापडाच्या खुर्च्या, आपोआप बदलणारे गिअर. समोर अडथळा आला आणि चालक गाफील राहिला, तर ब्रेक स्वतःच लागण्याची सोय. "बाबा, मजा पण आहे आणि अक्कल पण," असे त्याने फोनवर सांगितले. यात माझ्या अकलेविषयी काय गृहीत धरले होते, ते मी विचारले नाही.

मी मात्र वेळकाढूपणा करत राहिलो. कधी म्हणे, हिच्या बदललेल्या गुडघ्याला मॉर्गनची बुटकी बैठक सोसणार नाही. कधी म्हणे, पावसात छत गळेल. घरातल्या दुसऱ्या माणसाचे दुखणे पुढे करून आपला निर्णय लांबवणे किती सोयीचे असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अखेर एका रविवारी हीच म्हणाली, "अहो, माझ्या गुडघ्याचे नाव कशाला घेता? चला, बसून तरी पाहू." आणि ती बसलीसुद्धा! आधी गाडीकडे पाठ, मग सावकाश बैठकीवर टेकायचे, मग दोन्ही पाय एकत्र जुळवून आत वळवायचे. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने शिकवलेली ही रीत तिने बिनचूक वापरली. मीच आत शिरताना चार ठिकाणी आपटलो.

गाडी सुरू झाली. पहिले दोन मैल माझे वय विशीत होते, एवढेच सांगतो. मॉर्गनविषयी इकडे एक जुना विनोद आहे : रस्त्यातल्या नाण्यावरून ती गेली, तर छापा होता की काटा हे चालकाला बसल्या जागी कळते. रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीच्या मणक्याला कळवणारी ती गाडी. उतार संपला आणि समोर घोडे वाहून नेणारी एक बंद गाडी चौकाशी थांबलेली दिसली. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि इंजिन डरकाळी फोडून उठले. गाडी मंदावत होती आणि त्याच वेळी पुढेही ओढत होती. मी आणखी जोराने दाबले, तशी डरकाळी वाढली. "अहो, पाय! पाय काढा!" ही ओरडली. मी खाली पाहिले, तेव्हा माझे पाऊल ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोन्हींवर आडवे पडलेले होते. मी क्लच दाबला, पाऊल उचलून पुन्हा ठेवले, आणि त्या घोडागाडीपासून हातभर अंतरावर थांबलो. आतल्या घोड्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले, इतके ते अंतर थोडे होते.

गाडी परत दिली तेव्हा मालकाने हसून समजावले की, या गाडीत पाय ठेवायला जागाच अरुंद आहे, पायपट्ट्या अगदी जवळ जवळ आहेत. लोक मुद्दाम निमुळत्या तळव्याचे बूट घालतात. माझे बूट तर डोंगरात फिरायचे, रुंद आणि जाड. हे स्पष्टीकरण मला इतके आवडले की मी ते घरी येईपर्यंत हिला तीनदा ऐकवले. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गोल्फ चालवून पाहिली. सर्व काही लोण्यासारखे. न धक्का, न आवाज; चौकाशी आली की मुकाट थांबे. परतताना मी मनाशी म्हणालो, सुटलो. म्हातारपणी शहाणी गाडीच बरी.

त्या रात्री दोनच्या सुमारास जाग आली, ती एका प्रश्नाने. गोल्फमध्ये माझा पाय दोन्ही पट्ट्यांवर पडला असता, तर मला कळले असते का? आजच्या अशा पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसते, विजेचा संदेश असतो. आणि ब्रेक दाबला गेल्याचे लक्षात येताच ॲक्सिलरेटरचा हुकूम न मानण्याची व्यवस्था त्यांत केलेली असते. व्यवस्था चांगलीच आहे, तिने जीव वाचतात. पण माझ्या चुकीवर ती गाडी डरकाळी फोडणार नव्हती. ती माझी चूक पदराआड घेणार होती, आणि हिला ओरडण्याचे कारणच पडले नसते. जुन्या गाडीत तारेने तार ओढली गेली आणि माझ्या पायाने काय केले ते साऱ्या चौकाला ऐकू गेले.

वाचकहो, आता कबुली देतो. मी हजारो मधुमेही रुग्णांचे पाय तपासले आहेत. त्यासाठी नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, टेकवल्यावर दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. रुग्णाने डोळे मिटून तो जाणवला की सांगायचे. मधुमेहात शरीरातल्या सर्वांत लांब चेतातंतूंना आधी इजा होते, म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन मोजा चढावा तसा वर चढतो. तो बहुधा दुखत नाही, हीच त्यातली मेख. मुंग्या येणे, जळजळ होणे अशी तक्रार असेल तर माणूस डॉक्टरकडे तरी जातो. नुसतीच जाणीव हरपली तर तक्रार करायला उरतेच काय? मिरजेला आमचे प्राध्यापक मधुमेह्याला पहिला प्रश्न विचारत : "चालताना चप्पल पायातून निसटते आणि तुम्हाला कळत नाही, असे होते का?" उत्कृष्ट प्रश्न. पण इंग्लंडच्या थंडीत मी चाळीस वर्षे नाडीचे बूट घालत आलो. माझी चप्पल निसटणार कुठून? वार्षिक तपासणीची दोन बोलावणी मात्र मी 'आपले आपण पाहू' म्हणून टाळली होती. डॉक्टर हा फार वाईट रुग्ण असतो, हे मी ऐकले होते, आता पाहिलेही.

पहाटे हिला उठवले. तंतू सापडेना, म्हणून इकडच्या इप्सविच शहरातल्या डॉक्टरांनी रूढ केलेली बोटाच्या स्पर्शाची तपासणी करायला सांगितली. आपल्या घरी मधुमेही आईवडील असतील तर ती आपणही करू शकता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रुग्णाने मोजे काढून पाय पसरून निजावे आणि डोळे मिटावेत. आपण तर्जनीच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद केवळ स्पर्श करायचा. दाबायचे नाही, टोचायचे नाही, थोपटायचे नाही. स्पर्श कळला की त्याने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. आधी उजव्या पायाचा अंगठा, मग करंगळी. नंतर डाव्याचा अंगठा, करंगळी. शेवटी उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट. एकूण सहा जागा. एखादी जागा कळली नाही तर पुन्हा स्पर्श करून 'आता?' असे विचारायचे नाही. प्रेमापोटी आपण नेमके तेच करतो. सहापैकी दोन किंवा अधिक जागा कळल्या नाहीत, तर त्या पायांना धोका आहे असे समजून डॉक्टरांकडे जायचे.

मी डोळे मिटून पडलो होतो. "उजवा," मी एकदा म्हणालो. बराच वेळ शांतता. मग एकदा "डावा". मी विचारले, "सुरू कर की पुढे." ही म्हणाली, "अहो, सहाही झाल्या."

पुढचे सारे रीतीप्रमाणे झाले. डॉक्टरांनी तंतू आणि कंपनकाटा लावून तेच निदान केले. रक्तात जीवनसत्त्व बी-१२ ही कमी निघाले. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते आणि त्यानेही चेतातंतू बिघडतात. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण तपासणी साधी आहे आणि उपाय उपलब्ध आहे. परवाना देणाऱ्या कार्यालयाला मी स्वतः पत्र लिहिले. या देशात वयाच्या सत्तरीला परवाना नवा करून घ्यावा लागतो आणि पुढे दर तीन वर्षांनी. पण त्यात आपल्या प्रकृतीचे निवेदन आपणच द्यायचे असते. आपल्याकडे पंचावन्न वर्षे उलटल्यावर परवाना पाच-पाच वर्षांनी नवा होतो. कागद कोणताही असो, त्यावर आपण काय लिहितो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पुण्या-मुंबईतली मुले हल्ली वडिलांसाठी हौसेने ऑटोमॅटिक गाडी घेतात आणि निश्चिंत होतात. गुडघे दुखणाऱ्याला, कंबर धरणाऱ्याला ती खरोखरच सुखाची. पण तिच्यात क्लच नसल्याने डावा पाय मोकळा होतो, आणि चालवणे व थांबवणे ही दोन्ही कामे एकट्या उजव्या पायावर येतात. तो पाय शाबूत आहे का, हे गाडी घेण्याआधी कोणी पाहत नाही. पैसे भरताना सगळे रंगाविषयी बोलत असतात.

वाहनचालनाचे मूल्यमापन करणाऱ्या केंद्रात मला एका स्थिर यंत्रावर बसवून पायाची हालचाल मोजली. चपळाई वयाच्या मानाने ठीक होती. दाब मात्र बेभरवशाचा, कधी फार, कधी पुरेसा नाही. तेथील बाईंनी हाताने चालवायची दांडी सुचवली : पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की वेग. गोल्फमध्ये ती बसवून मिळाली. सहा आठवडे एका शिक्षकाबरोबर मी नव्याने गाडी शिकलो, परवान्यावर तशी नोंद झाली. पहिल्या आठवड्यात लाज वाटत होती. दवाखान्यासमोर जुने रुग्ण भेटत, खिडकीतून दांडीकडे पाहत आणि हवापाण्याविषयी बोलत. आता तेही सवयीचे झाले आहे.

दर रविवारी सकाळी हिच्या हातचा तो सहा स्पर्शांचा कार्यक्रम असतो, मग तळपायाखाली आरसा धरून भेगा-फोड पाहणे. मॉर्गन विकली गेली असेल असे मी धरून चाललो होतो. परवा हिनेच मालकाला फोन केला. गाडी होती. या वेळी चालकाच्या जागी ती बसली, नव्या गुडघ्यासह, निमुळत्या तळव्याचे बूट घालून. ते बूट तिने कधी आणले होते, मला कळलेही नव्हते. मी शेजारी. त्याच उतारावर, त्याच चौकाशी तिने ब्रेक लावला आणि गाडी निमूट उभी राहिली. माझा उजवा पाय मात्र समोरची रिकामी फळी जीव खाऊन दाबत होता, हे मला पोटरीवरून कळले. सुरू करताना तेलाची ती कळ दाबायलाही ती विसरली नाही.

काल रात्री तिने पुन्हा तोच क्रमांक फिरवला आणि किंमत थोडी उतरते का, ते विचारले. मुलाला आम्ही अजून काही सांगितलेले नाही. सुदैवाने तो हे पाक्षिक वाचत नाही.