डावीकडचा माणूस

सुट्टीवर पुण्याला गेलो की भाच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "मामा, सगळ्यात भारी रायफल कुठली?" त्याला एक नाव हवं असतं. मी म्हणतो, आधी बॅरल बघ, मग बॅरलच्या तोंडाला काय बसवलंय ते बघ, आणि मग ती चालवताना शेजारी कोण झोपलाय ते बघ. तिसरी गोष्ट ऐकून तो हसतो. मी ती बिकानेरजवळच्या महाजन फील्ड फायरिंग रेंजवर शिकलो, आणि त्या शिकवणीची फी दुसऱ्याने भरली.

तेव्हा मी मेजर होतो. एकाच रायफलला वेगवेगळे मझल डिव्हाइस लावून फायर करायचं आणि युनिटचं मत कळवायचं, एवढंच काम होतं. रायफल कोणती आणि सामान कोणाचं, ते लिहिणार नाही. गोष्ट त्यांची नाहीच.

ज्यांनी हत्यार हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॅरलच्या आतल्या पीळदार चरांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि म्हणून सरळ जाते. बॅरल लांब असेल तर गोळीला वेग जास्त मिळतो. ५.५६ मिमीची गोळी २० इंची बॅरलमधून सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगाने निघते, तर १४.५ इंचीमधून ८८०च्या आसपास. आखूड बॅरल गाडीतून उतरताना, घरात शिरताना सोयीची, पण उरलेली दारू तोंडाबाहेर जळते. ज्वाळा मोठी, आवाजही मोठा. जाड बॅरल उशिरा तापते, पण ती डोंगर चढून वर न्यावी लागते. फुकट काहीच मिळत नाही.

बॅरलच्या तोंडावर बसणाऱ्या वस्तूंचंही तसंच. फ्लॅश हायडर ज्वाळा फोडून कमी करतो. ड्रॅगुनोव्हच्या टोकाला ज्या लांब खाचा दिसतात त्या त्यासाठीच. एकेएमच्या टोकाचा तिरका काप वायू वर उजवीकडे सोडतो, म्हणून उसळणारं तोंड खाली डावीकडे दाबलं जातं. अमेरिकनांनी एम-१६ए२ करताना हायडरची खालची बाजू बंद केली. त्यामुळे उसळी कमी झाली आणि झोपून फायर करताना समोर धूळही कमी उडू लागली. मझल ब्रेक मात्र वायू दोन्ही बाजूंना आणि थोडा मागे फेकतो. खांद्याला बसणारा धक्का बराच कमी होतो.

माझी पद्धत नीट होती, निदान मला तसं वाटत होतं. डिव्हाइस बदललं की रायफल नव्याने झीरो करायची, कारण टोकाचं वजन बदललं की बॅरलची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे लागते. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवायचा नाही; तीन गोळ्या नशिबानेही रुपयाच्या नाण्याखाली बसतात. दहा-दहाचे ग्रुप घ्यायचे, तेही वेगवेगळ्या दिवशी. थंड बॅरलची पहिली गोळी वेगळी नोंदवायची, कारण स्नायपरला बहुतेक वेळा तेवढीच मिळते. मग बॅरल तापवून पुन्हा तेच. वहीत रकाने आखले होते: थंड बॅरल, तापलेली बॅरल, ज्वाळा, धक्का.

ब्रेक सगळ्यांना आवडला. मला तर फारच. रायफल इतकी स्थिर राहायची की आपलीच गोळी टार्गेटला लागताना दुर्बिणीतून दिसायची.

माझ्या डावीकडे माझा स्पॉटर झोपलेला असायचा. कांगड्याचा नाईक, बारा वर्षांची नोकरी. तापलेल्या वाळूवरची हवा कशी हलते ते बघून वारा सांगायचा आणि क्वचितच चुकायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "साहब, ये वाला बहुत मारता है."

फौजी हिंदीत हत्यार 'मारतं' म्हणजे खांद्याला धक्का देतं. मी हसून म्हटलं, "अरे, यही तो सबसे कम मारता है." तो "ठीक है साहब" म्हणाला आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. तो माझ्या खांद्याबद्दल बोलतच नव्हता.

आमच्या कानात बोळे होते. पण माझं बोलणं ऐकू यावं म्हणून तो उजवीकडचा बोळा सैल ठेवायचा. उजवा कान म्हणजे माझ्याकडचा, ब्रेकच्या खिडकीच्या बाजूचा. रायफलचा आवाज फायर करणाऱ्याच्या कानाशीच १५५ ते १६० डेसिबल भरतो. १४०च्या वर गेला की एकेक धमाका कानाला इजा करू शकतो, आणि दर ६ डेसिबलला हवेचा दाब दुप्पट होतो. माझ्या खांद्याचा जो धक्का वाचत होता, त्याचा हिशेब शेजारी चुकता होत होता. प्रत्येक गोळीला तो मान आत ओढून घ्यायचा, हे मी चार दिवस बघितलं. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

रिपोर्ट गेला. पहिली पसंती, मझल ब्रेक.

काही महिन्यांनी मेडिकलमध्ये त्याची कॅटेगरी उतरली. फौजेत पूर्ण तंदुरुस्त माणूस शेप-वन असतो. त्या शेपमधला 'एच' म्हणजे ऐकणं, आणि त्याचा एच-टू झाला. डॉक्टरांनी महाजनच्या चार दिवसांना दोष दिला नाही. बारा वर्षं फायरिंग केलेल्या माणसाचा कान थोडा जाणारच, असं मीही स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो. पण उजव्या हाताने फायर करणाऱ्याचा सहसा डावा कान आधी जातो, कारण तो बॅरलच्या तोंडाच्या जास्त जवळ असतो. त्याचा उजवा गेला होता.

मी पुरवणी पत्र लिहिलं आणि पहिली पसंती मागे घेतली. कारण काय द्यायचं यात एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी सरळ लिहिलं: चाचणी घेणारा अधिकारी स्पॉटरच्या जागी एकदाही झोपला नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. बॅरलच्या टोकाला नवीन काही लागलं की पहिल्या दहा गोळ्यांना मी डावीकडे झोपतो. बोळे, वर इअर मफ, आणि हुकूम तोंडी नाही, खांद्यावर थाप मारून. सप्रेसरचीही परीक्षा तशीच घेतली. तो २०-३० डेसिबल कमी करतो खरा, पण रायफल लांब आणि जड होते, लवकर तापते, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका उरतोच. तरी निवड करायची झाली तर आता मी आधी शेजाऱ्याला विचारतो, मग टार्गेट मागवतो.

नाईक स्नायपर सेक्शनमधून स्टोअरमध्ये गेला. हवालदार झाला, पण उशिरा. आता गावी असतो. दिवाळीला मी फोन करतो. दरवेळी माझं पहिलं वाक्य त्याला कळत नाही. "रुकिए साहब, दूसरी तरफ़ लगाता हूँ," तो म्हणतो. फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर जाईपर्यंत मी थांबतो, आणि मग घरच्यांची खुशाली विचारतो.