बाळांसह पहिली सागरसफर

मुंबई ते गोवा हा क्रूझप्रवास सांगलीच्या एका कुटुंबाने डिसेंबरासाठी ठरविला, तेव्हा थोरला नातू ३ वर्षांचा, तर धाकटी नात ११ महिन्यांची होती. अनेक जहाजकंपन्या ६ महिन्यांखालील बाळास घेत नाहीत, म्हणून वयाची चौकशी आधी झाली.

कपड्यांची यादी सूनबाईंनी एका संध्याकाळीच संपविली. आजींचा प्रश्न मात्र सुटेना. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जहाजावरील भोजन साडेसातला. ‘जैन भोजन’ म्हणजे कांदा, लसूण, बटाटा वगळणे एवढेच तेथे गृहीत होते. वेळेचे कोणी बोलतच नव्हते. मुलाने लेखी विचारणा केली, तेव्हा साडेपाचला ताट देण्याचे मान्य झाले. पहिला दिवस बंदरावरील तपासणीतच जाणार. त्या दिवशीच्या दशम्या जहाजावर चढण्यापूर्वीच खायच्या.

आजोबांनी लाइफ जॅकेटचा विषय लावून धरला, आणि ते योग्यच होते. मोठ्यांच्या जॅकेटातून तान्हे मूल निसटते. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार २४ तास वा अधिक प्रवासात प्रत्येक तान्ह्यासाठी वेगळे जॅकेट हवे. ते मागण्यात संकोच कसला? २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सुरक्षा-सराव झालेलाच नव्हता. पुढे नियम बदलला. सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावा लागतो.

ती वेळ नातीच्या झोपेची आहे. तिला उठवूनच न्यायचे, असे सूनबाईंनी ठरविले आहे. नातू तर आतापासूनच छातीशी उशी बांधून घरभर सराव करतो.