मॅडम, पाच लिटर काळं ऑइल द्या की!

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मला केमिस्टची जागा मिळाली. ब्रिक्स, म्हणजे द्रवात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण मोजायचं, पीएच बघायचा, शिफ्ट संपली की बारामतीची एसटी पकडायची, एवढीच माझी कल्पना. हंगाम तोंडावर आला तेव्हा साहेबांनी एक जाडजूड फाइल माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "आजपासून पोल्यूशनचं तुम्ही बघा."

फाइलमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र होतं आणि त्यात टाकाऊ मालाचे दोन तक्ते. एक साध्या कचऱ्याचा, दुसरा घातक कचऱ्याचा. पहिला तक्ता घेऊन मी कचरा शोधायला निघाले, आणि सगळा कारखाना पालथा घालूनही तो काही सापडेना.

आमच्या घरचा ऊस वर्षानुवर्षं कारखान्याला जातो. पण गव्हाणीपलीकडे त्याचं काय होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. 100 टन ऊस गाळला की साखर निघते जेमतेम 10-11 टन. बगॅस, म्हणजे चिपाड, 28 ते 30 टन, प्रेसमड, म्हणजे रसातला गाळ, साडेतीन-चार टन आणि मोलॅसिस, म्हणजे मळी, चार-साडेचार टन. बाकी बहुतेक पाणीच. मग एवढा ढीग जातो कुठे? बगॅस बॉयलरला, त्यातून वाफ आणि वीज. प्रेसमड खताला. मोलॅसिस पाइपातून थेट आमच्याकडे, डिस्टिलरीत. मिलहाउसमधल्या एका जुन्या फिटरमामांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, हितं टाकून द्यायला परवडतं कुणाला?"

डिस्टिलरीत मात्र खरा राक्षस भेटला. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश उरतो. कढत, आंबूस वासाचा, काळपट तपकिरी. कपड्यांना वास लागला की घरी आई दारातच थांबवते. गावच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो, हे कॉलेजात शिकले होते. स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार. पहिल्यांदा आकडा आला तेव्हा शून्य जास्त पडलं असेल म्हणून मी डायल्यूशन पुन्हा तपासलं. शून्य बरोबर होतं!

हे पाणी ओढ्यात सुटलं तर मासा जगत नाही आणि विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. म्हणून आता एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा दंडक आहे. आमच्याकडे स्पेंटवॉश आटवून आटवून 55-60 ब्रिक्सला नेतात आणि बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जाळतात. उसाने जमिनीतून ओढलेलं पालाश, म्हणजेच पोटॅश, त्याच्या राखेत उतरतं. पोटॅश आपला देश बाहेरून आणतो, त्यामुळे या राखेलाही मोल आलं. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने मोलॅसिसपासूनच्या पोटॅशला कारखान्यांसाठी टनाला 4,263 रुपये दर जाहीर केला. ज्या पाण्यापायी नीरा-भीमेच्या खोऱ्यातल्या गावांनी नाक दाबून दिवस काढले, त्याची राख आता पोत्यात भरून विकता येते. हे मला साखरेपेक्षाही गोड वाटलं.

आमचं इथेनॉल टँकरने तेल कंपन्यांच्या डेपोत जातं आणि पेट्रोलमध्ये मिसळतं. देशात हे मिश्रण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर गेलं, 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. तेल शुद्धीकरणाशी आपला संबंध एवढाच, असं मी धरून चालले होते. मग दुसरा तक्ता उघडला.

त्याचा आधार म्हणजे घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतलं एक परिशिष्ट. त्यात चौथी नोंद पेट्रोलियम शुद्धीकरणाची : तेलाचा गाळ, स्लॉप ऑइल, निकामी झालेला कॅटॅलिस्ट. म्हणजे मुंबईत माहुलला जे दोन तेल शुद्धीकरण कारखाने पन्नासच्या दशकापासून उभे आहेत, त्यांचं हे दुखणं. तिथेही वाया घालवण्याचा कल नसतो. स्लॉप ऑइल पुन्हा क्रूडबरोबर फिरवतात, वायूतला गंधक वेगळा काढून विकतात. आणि त्या चौथ्या नोंदीच्या लगेच खाली, नोंद 5.1 : वापरलेलं तेल. हे आमचं. मिलच्या गिअरबॉक्समधून काढलेलं, पत्र्याच्या शेडमध्ये पिंपात साठवलेलं काळं ऑइल.

लाखो लिटर स्पेंटवॉशला एक मीटर आणि एक लॉगबुक. या पिंपांना मात्र रोजची नोंद फॉर्म 3 मध्ये, वार्षिक विवरण फॉर्म 4 मध्ये 30 जूनच्या आत, 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, द्यायचं फक्त परवानाधारकाला आणि पाठवताना फॉर्म 10 च्या सात रंगांच्या सात प्रती. मला हसू आलं होतं. एवढ्याशा तेलाला एवढा बारदाना कशासाठी?

कशासाठी ते शेडच्या दारात कळलं. कॅन घेऊन माणसं यायला लागली. सेंटरिंगवाल्याला प्लेटांना लावायला हवं, सुताराला वाळवीसाठी, कुणाला गोठ्याच्या डांबांना. "मॅडम, पाच लिटर द्या की!" नाही म्हटलं की ठरलेलं उत्तर, "अहो, मी सभासद आहे कारखान्याचा!" यावर काय बोलायचं, ते कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही. स्पेंटवॉश कुणी मागायला येत नाही, म्हणून तो सांभाळणं सोपं. काळं ऑइल सगळ्यांना हवं असतं, म्हणूनच ते हातोहात रानात जातं. त्यात झिजलेल्या यंत्राचे धातू असतात, जळक्या तेलातली घातक रसायनं असतात. डांबावरून ते पावसात ओघळतं, मातीत मुरतं. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेच्या, पहिल्या खड्ड्यात आमचा माणूस बादलीने तेलाचा तवंग काढत बसतो, कारण बाहेर जाणाऱ्या पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅमच तेल चालतं. गोठ्याच्या डांबाला अशी कसली मर्यादा असणार?

शिवाय हे तेल संपलेलं नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवलाय : एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर वापरलेल्या तेलातून जेवढं वंगणतेल परत मिळतं, तेवढं नव्याने काढायला 42 गॅलन क्रूड लागतं. अख्खं एक बॅरल! आपल्याकडेही 1 एप्रिल 2024 पासून वापरलेलं तेल परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आली आहे.

कारखान्याला फॉर्म आहेत, तपासणी आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गॅरेजला यातलं काय आहे? गाळप संपलं की ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर सर्व्हिसिंगला लागतील. तुमच्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना खाली काढलेलं तेल गॅरेजवाला कुणाला देतो आणि त्याची पावती घेतो का, एवढं त्याला विचारा. आणि ते डांबांना लावायला घरी आणू नका.